परसातील जपानी लाव्यांचे मारकुटे नर : कळप शांत कसा ठेवावा?

परसदारी (चिपळूण)

नमस्कार. परसात अंड्यांसाठी पाळलेल्या जपानी लाव्यांमध्ये नर अतिशय मारकुटे झाले तर काय करावे, याविषयी अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. आमच्याकडे वीस पक्षी आहेत. पिल्ले घेताना त्यांत माद्याच अधिक असतील असे विक्रेत्याने सांगितले होते, पण पक्षी वयात आल्यावर नऊ नर आणि अकरा माद्या निघाल्या. पिंजरा सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असून तळाला भाताचे तूस पसरलेले आहे. मधे काहीही अडसर नाही, त्यामुळे एका टोकाचा पक्षी दुसऱ्या टोकाच्या पक्ष्याला सतत दिसतो. मांजर आणि घुशींच्या भीतीने रात्रभर एक दिवा चालू असतो.

सहाव्या आठवड्यापर्यंत सर्व गुण्यागोविंदाने राहत होते. त्यानंतर नर आरवू लागले आणि एकमेकांच्या डोक्यावर चोची मारू लागले. आता दोन माद्यांच्या डोक्यावरची पिसे पूर्ण गेली असून एकीची कातडी सोलली गेली आहे, आणि एका नराचा डोळा सुजून बंद झाला आहे. घरातील मोठी माणसे म्हणतात की नरांचा स्वभावच तो, त्याला इलाज नाही. मला हे पटत नाही. पक्षी आपण कोंडून ठेवले आहेत, तेव्हा त्यांच्या भांडणामागे आपल्या ठेवण्याच्या पद्धतीचा वाटा किती आहे, हे आधी पाहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते. कृपया सविस्तर सांगावे.

माळरान (निफाड)

ताई, बरेचसे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. नऊ नर आणि अकरा माद्या हे प्रमाण कोणत्याही कळपात टिकणार नाही. फलित अंडी हवी असतील तर तीन ते पाच माद्यांमागे एक नर पुरतो. व्यावसायिक पैदाशीत दोन किंवा तीन माद्यांमागेही एक नर ठेवतात, पण ते फलनाची टक्केवारी वाढवण्यासाठी, आणि तिथे माद्यांच्या पाठी उघड्या पडलेल्या दिसतातच. तुमच्या अकरा माद्यांना दोन नर भरपूर झाले, फार तर तीन. आणि केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर एकाही नराची गरज नाही, कारण मादी नराशिवायही तितकीच अंडी देते. परसात लावे पाळणाऱ्या अनेकांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि ते कोंबड्यासारखा एखादा नर हवाच असे धरून चालतात.

जागेविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. अठरा चौरस फुटांत वीस पक्षी म्हणजे दर पक्ष्याला एका चौरस फुटाहून थोडे कमी. व्यावसायिक पिंजऱ्यात एका मोठ्या पक्ष्याला साधारण २०० चौरस सेंटिमीटर देतात, त्या मानाने तुमच्याकडे चौपट जागा आहे. म्हणजे जागा अपुरी नसून तिची रचना चुकते आहे. रानात हरलेला पक्षी गवतात शिरतो, दिसेनासा होतो आणि तिथेच भांडण संपते. तुमच्या पिंजऱ्यात हरलेल्याला दिसेनासे होता येत नाही, म्हणून जिंकलेला पुन्हा पुन्हा त्याच्यामागे लागतो. वाळलेल्या गवताच्या पेंढ्या, झापांचे तुकडे, उपडी ठेवलेली फुटकी मडकी असे अडसर पिंजऱ्यात ठिकठिकाणी टाका. मडक्याला किंवा खोक्याला दोन तोंडे असू द्या, नाहीतर आत शिरलेली मादी कोपऱ्यात सापडते आणि लपण्याची जागाच सापळा होते. दाणा-पाण्याची भांडीही दोन टोकांना दोन ठेवा.

उबवणी (कोल्हापूर)

अगदी सहमत. एक भर घालतो. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की मूळ तपकिरी रंगाच्या जातीत नर-मादी छातीवरून ओळखता येतात. नराची छाती एकसारखी तांबूस होते आणि मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके येतात. पांढऱ्या किंवा इतर रंगांच्या पक्ष्यांत ही खूण चालत नाही. तिथे वयात येईपर्यंत थांबून शेपटीखाली पाहावे लागते. नराच्या गुदद्वाराच्या वर फुगीर ग्रंथी असते आणि हलके दाबल्यावर तिच्यातून पांढरा फेस येतो. ही ग्रंथी नराच्या संप्रेरकावर वाढते-घटते, म्हणून तिच्या आकारावरून नर किती जोमात आहे याचाही अंदाज बांधता येतो. पुढच्या वेळी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच नर वेगळे केलेत तर हा प्रश्न उभाच राहणार नाही.

पशुवैद्य_सातारा

वरील सूचना योग्य आहेत, परंतु सोललेल्या डोक्याची मादी आणि डोळा सुजलेला नर यांना आजच्या आज बाजूला काढणे हे पहिले काम आहे. उघडी जखम आणि रक्त दिसले की शांत असलेले पक्षीही तिथेच टोचू लागतात, आणि या टोचण्यात माद्याही सामील होतात. जखम कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी आणि पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून लावावे. डोळ्यात मात्र ते जाऊ देऊ नये. डोळ्याची सूज मारामुळे आहे की सर्दीच्या आजारामुळे, हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून तो नर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. सध्या पावसाळी हवा असेल तर जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, त्यामुळे आजारी पक्ष्याचा पिंजरा बारीक जाळीचा असावा आणि जखम सकाळ-संध्याकाळ तपासावी.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. मिलनाच्या वेळी नर मादीच्या डोक्यामागची पिसे चोचीत पकडतो, वर चढतो आणि काही क्षणांत उतरून बाजूला होतो. हे सर्वसाधारण वर्तन आहे आणि त्यात थोडी पिसे जातात. याउलट जो नर पाठलाग थांबवत नाही, मादी दबून बसली तरी डोक्यावर व डोळ्यांवर मारत राहतो आणि रक्त दिसल्यावर अधिकच चेकाळतो, तो धोकादायक समजावा. सगळ्याच नरांना एकाच मापाने मोजू नये. पायात निरनिराळ्या रंगांची कडी घाला आणि काही दिवस लक्ष ठेवा. बहुतेक वेळा सगळा धुमाकूळ एक-दोघांचाच असतो असे आढळते.

शेवंती (वर्धा)

जखमेवर हळद आणि खोबरेल तेल लावले तर चालेल का? आमच्याकडे कोंबड्यांना तेच लावतात.

पशुवैद्य_सातारा

तेल लावू नये. लावे दिवसातून अनेकदा धुळीत लोळतात. तेलकट पिसांना धूळ आणि तूस चिकटते, जखम मळते आणि पिसांचे ऊब धरण्याचे कामही बिघडते. जखमी पक्ष्याला धूळस्नानाची जागा चार-पाच दिवस न देणे बरे. निरोगी पक्ष्यांना मात्र ती जरूर हवी.

मांडवीतीर (पणजी)

दोन नर ठेवून सात नर जास्तीचे होतात, मग ते स्वयंपाकघरात का जाऊ नयेत? लावे सहाव्या-सातव्या आठवड्यात खाण्याजोगे होतात आणि जगभर हा पक्षी मांसासाठीही पाळला जातो. आमच्याकडे पैदाशीचे नर निवडले की उरलेले सरळ खाल्ले जातात, त्यामुळे कळपात मारामारी होत नाही आणि दाणाही वाचतो. ज्यांना मांस वर्ज्य आहे त्यांनी वेगळा मार्ग शोधावा, पण ज्यांना चालते त्यांच्यासाठी हाच सर्वांत सोपा उपाय आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवंती (वर्धा)

मांडवीतीर, तुमचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे हे मान्य. तरीही प्रत्येक जास्तीचा नर कापणे हाच एक उपाय आहे असे नव्या माणसाला वाटू नये म्हणून लिहिते. आमच्याकडे केवळ नरांचा वेगळा कळप आहे आणि तो शांतपणे नांदतो. मात्र त्याला काही अटी आहेत. ते नर एकत्र वाढलेले असावेत, म्हणजे पिल्लांपासून एकमेकांना ओळखणारे. त्यांना माद्या दिसू नयेत, शक्यतो त्यांचा आवाजही जवळून येऊ नये. आणि एकदा कळप ठरला की त्यात नवा पक्षी टाकू नये. एक नर चार दिवस माद्यांत ठेवून पुन्हा नरांत आणून सोडला तर सगळी घडी विस्कटते आणि त्याचा जीवही जाऊ शकतो.

माळरान (निफाड)

शेवंतीताईंची शेवटची अट फार मोलाची आहे. लावे एका ठरलेल्या कळपात आपापली जागा ठरवून घेतात, आणि एक पक्षी काढून पुन्हा सोडणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने परका पक्षी येणे. म्हणूनच जखमी मादीला बरे करताना तिला दूर खोलीत ठेवण्यापेक्षा त्याच पिंजऱ्यात जाळीचा आडोसा करून ठेवणे हितावह, कारण इतर माद्यांना ती रोज दिसत राहते. परत मिसळताना संध्याकाळची वेळ धरावी, पिंजऱ्यातील गवत-मडकी सगळी हलवून नव्याने मांडावीत, आणि शक्य असेल तर एकटीला न सोडता दोघी-तिघींना एकदम सोडावे.

परसदारी (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही जखमी पक्षी वेगळे केले आहेत. नराला दवाखान्यात दाखवले, डोळा मारानेच सुजला होता आणि बुबुळ शाबूत आहे. आमच्याकडे मांसाहार होतो, पण या पक्ष्यांवर मुलांचा जीव जडला आहे, त्यामुळे सध्या तरी नरांचा वेगळा पिंजरा करण्याचे ठरवले आहे. खाद्याविषयी कोणी विचारले नाही म्हणून सांगते : अर्धे लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरड खाद्य) आणि अर्धा मक्याचा भरडा असे देते. याचा भांडणाशी काही संबंध असेल का?

उबवणी (कोल्हापूर)

संबंध आहे, आणि तो बराच मोठा आहे. लाव्याला कोंबडीपेक्षा अधिक प्रथिने लागतात. पिल्लांना २४ ते २७ टक्के आणि अंड्यावरच्या मादीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने हवीत. लेअर मॅशमध्ये ती साधारण १६ ते १८ टक्के असतात आणि मक्यात जेमतेम ९ टक्के. म्हणजे तुमच्या मिश्रणात १३ टक्क्यांच्या आसपासच प्रथिने पडत आहेत. प्रथिने, विशेषतः मेथिओनिन हा त्यांतला घटक, किंवा मीठ कमी पडले की पक्षी एकमेकांची पिसे उपटून खाऊ लागतात, आणि मग नराच्या मारामुळे झालेली जखम कोणती आणि पिसे खाण्यामुळे झालेली कोणती हे कळेनासे होते. मका बंद करा. लाव्यांचे तयार खाद्य मिळाले तर उत्तम, नाहीतर ब्रॉयलर स्टार्टर (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या पिल्लांचे खाद्य) द्या आणि माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. चुरा खाद्यात मिसळू नका, कारण नरांना इतक्या कॅल्शियमची गरज नसते आणि ते सक्तीने पोटात गेले तर अपायकारक ठरते.

अटकेपार (लेस्टर, इंग्लंड)

या चर्चेत प्रकाशाकडे दुर्लक्ष होत आहे असे मला वाटते. लाव्याचे सगळे प्रजननचक्र दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस बारा तासांहून मोठा झाला की नराचे वृषण वाढतात, फेसाची ग्रंथी फुगते, तो आरवतो आणि भांडतो. दिवस आखूड झाला की हे सगळे ओसरते. इकडे इंग्लंडमध्ये डिसेंबरात आठ तासांहूनही कमी उजेड असतो. त्या काळात दिवा न लावल्यास आमचे नर आरवणे जवळजवळ सोडून देतात, ग्रंथी आक्रसते आणि उन्हाळ्यात ज्यांना वेगळे ठेवावे लागत होते ते एकमेकांशेजारी निवांत बसलेले दिसतात. माद्याही अंडी देणे थांबवतात, हा त्याचा तोटा. चिपळूणच्या ताईंनी रात्रभर दिवा चालू ठेवला आहे, म्हणजे त्यांच्या नरांना बारा महिने चोवीस तास भर वसंतच आहे. माझ्या मते पहिला उपाय तो दिवा बंद करणे हाच होय.

वैनगंगा (भंडारा)

अटकेपार यांचे शास्त्र बरोबर आहे, पण ते आपल्या हवेत जसेच्या तसे लागू पडत नाही. महाराष्ट्रात सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे नैसर्गिक उजेडात आपले नर पूर्ण थंडावण्याइतका आखूड दिवस इथे कधीच येत नाही. तो हवा असेल तर पिंजरा झाकून उजेड आठ तासांवर आणावा लागेल. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर असताना पिंजऱ्यावर पोते किंवा ताडपत्री टाकली तर आतले पक्षी भांडणाने नव्हे, उष्म्याने मरतील. कोकणातही दमट हवेत वारा बंद होणे तितकेच वाईट. कृपया हा प्रयोग वाचून कोणी लगेच पिंजरे झाकू नयेत.

अटकेपार (लेस्टर, इंग्लंड)

तुमची हरकत रास्त आहे आणि झाकण्याची सूचना मी करत नाही. रात्रीचा कृत्रिम उजेड काढणे एवढेच म्हणणे आहे. मांजर-घुशींसाठी दिव्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी तळापासून छपरापर्यंत लावणे हा पक्का उपाय आहे.

पशुवैद्य_सातारा

दोघांचेही म्हणणे एकत्र करून असे सांगेन की केवळ नरांच्या पिंजऱ्यासाठी, हिवाळ्यात, हवा खेळती असलेल्या मंद उजेडाच्या खोलीत दिवस आठ-नऊ तासांवर आणता आला तर काही आठवड्यांत त्यांचा जोर निश्चित कमी होतो. उन्हाळ्यात तसे करू नये. माद्यांना अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, तेव्हा त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ दिवा लावावा, पण मध्यरात्री अंधार हवाच. विश्रांती न मिळालेला पक्षी चिडखोर असतो.

रानवाट (अहिल्यानगर)

लाल दिवा लावला तर रक्त दिसत नाही आणि टोचणे थांबते असे ऐकले आहे. आणि चोची कापण्याबद्दल काय मत आहे? आमच्या ओळखीच्या एका फार्मवर सरसकट कापतात.

पशुवैद्य_सातारा

लाल प्रकाशात जखमेचा रंग वेगळा उठून दिसत नाही, त्यामुळे टोचणे काही प्रमाणात कमी होते हे खरे. परंतु लाव्यांमध्ये लाल प्रकाश प्रजनन अवयवांना निळ्या-हिरव्या प्रकाशापेक्षा अधिक चेतवतो. म्हणून तो दिवसाच्या ठरलेल्या तासांतच वापरावा. लाल आहे म्हणून रात्रभर चालेल असे समजू नये.

चोच कापणे परसातील पंधरा-वीस पक्ष्यांसाठी मला मुळीच मान्य नाही. चोचीच्या टोकात संवेदना असते. पक्षी तिने दाणा निवडतो, पिसे विंचरतो, जमीन चाचपतो. टोक कापल्याने दुखापत कमी होते, पण भांडणाचे कारण जागच्या जागी राहते. फारच अणकुचीदार टोक असेल तर नखे घासण्याच्या कानशीने ते जरा बोथट करावे, त्याहून पुढे जाऊ नये.

बखरीची_पाने (पुणे)

विषयाला धरूनच थोडी जुनी माहिती देतो. नरांची ही भांडकुदळ वृत्ती माणसाने केवळ सहन केली असे नाही, तर अनेक ठिकाणी ती मुद्दाम जोपासली. नवाबी काळातल्या लखनौमध्ये लाव्यांच्या झुंजींचा मोठा शौक होता, तिलाच बटेरबाजी म्हणत. ते पक्षी रानातून पकडलेले असत आणि त्यांना खास खुराक देऊन, हातात धरून, रात्री जागवून तयार करत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने अशा झुंजी लावणे आज गुन्हा आहे. जपानमध्ये मात्र हाच पक्षी शतकानुशतके नराच्या आरवण्यासाठी पिंजऱ्यात पाळला जाई, आणि ज्याचा आवाज चांगला तो नर मोलाचा ठरे. अंड्यांसाठी त्याची पैदास तिकडे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. आपल्याकडे जपानी लावे १९७४ मध्ये उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे संशोधनासाठी आणले गेले आणि पुढे तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्यांच्या अनेक सुधारित जाती काढल्या.

याला जोडून एक विनंती. आपल्या माळांवर आणि शेतांच्या बांधांवर दिसणारे रानटी लावे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कळपात नवे रक्त आणण्यासाठी कोणीही ते पकडू नयेत किंवा विकत घेऊ नयेत.

उबवणी (कोल्हापूर)

बखरीची_पाने यांच्या माहितीतून मला माझाच मुद्दा पुढे नेता येतो. झुंजीसाठी माणूस रागीट पक्षी निवडत असेल, तर शांत कळपासाठी शांत पक्षी निवडायला हवेत. उबवणीसाठी कोणत्या नराची अंडी घेतो याकडे आपल्यापैकी फार थोडे लोक लक्ष देतात. जो नर माद्यांच्या डोक्याची कातडी काढतो, तो अंगाने कितीही भरलेला असला तरी त्याची पिल्ले काढू नयेत. उलट जो हलक्या पावलाने फिरतो, दाणा दिसला की माद्यांना हाक मारतो आणि स्वतः मागे थांबतो, त्याच्यापासून वंश वाढवावा. काही पिढ्यांत फरक दिसतो असा माझा अनुभव आहे. मात्र सतत त्याच रक्तातली पैदास केली तर लाव्यांमध्ये त्याचे दुष्परिणाम फार लवकर दिसतात, अंडी फलित होईनाशी होतात आणि पिल्ले दुबळी निघतात. त्यामुळे शांत नर निवडताना तो दुसऱ्याच्या कळपातला असेल तर अधिक चांगले.

माळरान (निफाड)

इथे मी असहमत आहे. वंशाचा वाटा मी नाकारत नाही, पण एका परसातल्या पंधरा पक्ष्यांत कोणी निवडीने स्वभाव बदलतो म्हटले तर ते फार लांबचे काम आहे. प्रमाण, आडोसे, खाद्य आणि उजेड या चार गोष्टी नीट केल्यावर दहातल्या आठ-नऊ नरांचा त्रास थांबतो. एखादा नर स्वभावाने वाईट आहे असा शिक्का आपण फार लवकर मारतो, आणि त्याला काढून टाकले की त्याच पिंजऱ्यात पंधरा दिवसांत दुसरा नर तसाच वागू लागतो. मग तो दोष पक्ष्याचा कसा?

उबवणी (कोल्हापूर)

उरलेल्या एक-दोघांचे काय, हा माझा प्रश्न आहे. सगळे नीट केल्यावरही जो थांबत नाही त्याला कळपात ठेवणे हा माद्यांवर अन्याय आहे.

माळरान (निफाड)

त्या एक-दोघांविषयी आपले एकमत आहे. माझा आग्रह फक्त क्रमाविषयी आहे. आधी पिंजरा सुधारावा, मग पक्ष्याचा निकाल करावा.

कौलारू (सावंतवाडी)

गावठी कोंबड्या अनेक वर्षे पाळल्यावर लाव्यांकडे वळलेल्यांसाठी दोन गोष्टी. लावे फांदीवर किंवा दांड्यावर बसत नाहीत, सगळा वेळ जमिनीवरच असतात, त्यामुळे हरलेल्या पक्ष्याला वर उडून सुटका करून घेता येत नाही. दचकले की ते सरळ वर उसळतात आणि डोके छताला आपटते. म्हणून पिंजरा एक तर फूटभर उंचीचा, छताला आतून मऊ कापड किंवा जाळी लावलेला असावा, नाहीतर माणूस उभा राहील इतका उंच. मधली उंची सर्वांत घातक. डोक्यावरची प्रत्येक जखम नराने केली असे समजू नका, ती छताचीही असू शकते. आणि कोंबड्यांबरोबर एकत्र ठेवू नका : कोंबड्या त्यांना टोचतात आणि स्वतः सहन करतात असे आजार त्यांना देतात.

परसदारी (चिपळूण)

या धाग्यावरील सूचनांनुसार बदल करून काही आठवडे झाले आहेत, म्हणून कळवते. कौलारू यांचे वाचून छत तपासले, तर पत्र्याखालच्या लाकडी पट्टीला खरोखरच पिसे आणि रक्ताचे डाग होते. पिंजऱ्याची उंची नेमकी मधली, कमरेएवढी आहे. आतून जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. रात्रीचा दिवा काढला, जाळी बदलली, मका बंद केला. सात नर परसाच्या दुसऱ्या बाजूला, घराच्या आडोशाला हलवले. पहिले तीन-चार दिवस त्यांनी बरीच धुसफूस केली, एकमेकांवर चढणेही चालू होते, परंतु रक्त निघाले नाही आणि आता ते शांत आहेत. डोळा सुजलेला नर त्यांच्यातच आहे आणि त्याला दिसते आहे.

माद्यांबरोबर दोन नर ठेवले होते. त्यांपैकी निळ्या कड्याचा नर अजूनही तसाच वागतो. गवताच्या पेंढ्यांमधून माद्यांना हुसकून बाहेर काढतो आणि डोक्यावरच मारतो. पिवळ्या कड्याचा नर असे काहीही करत नाही, दोघांना दाणा, उजेड, जागा सगळे सारखेच मिळत असूनही. पिंजऱ्याचा दोष आधी पाहावा हे माळरान यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटले, आणि तो दोष दूर केल्यामुळेच आज मी या एका नराविषयी खात्रीने बोलू शकते. बाकीच्या गोंधळात तो ओळखूही आला नसता. आता त्याला नरांच्या कळपात सोडता येणार नाही, कारण तिथे तो परका ठरेल. त्याला एकटा ठेवावा का?

शेवंती (वर्धा)

एकटा ठेवता येतो, पण लावा कळपाचा पक्षी आहे आणि एकटा नर दिवसभर आरवत राहतो. शेजारी लांब असतील तरच विचार करावा. आम्ही अशा एका नराला दोन थोराड, जुन्या माद्यांबरोबर वेगळे ठेवून पाहिले, आणि त्यांनी त्याला जुमानले नाही. तुमच्याकडे तशा माद्या नसतील तर जाळीपलीकडे इतर पक्षी दिसतील अशी त्याची सोय करा.

मांडवीतीर (पणजी)

मी माझे जुनेच मत पुन्हा मांडतो, मुलांची क्षमा मागून. बाकीचे सात राहू देत, पण हा एक नर जन्मभर एकटा कोंडून ठेवण्यापेक्षा त्याला झटक्यात, वेदना न देता मारणे अधिक दयाळूपणाचे आहे असे मी प्रामाणिकपणे मानतो.

परसदारी (चिपळूण)

मांडवीतीर, तुमचा मुद्दा मी घरात मांडला आणि आमची दोन्ही बाजूंनी बरीच चर्चा झाली. तूर्त शेवंतीताईंनी सुचवल्याप्रमाणे जाळीपलीकडची सोय केली आहे. तो खंगू लागला तर पुन्हा विचार करू.

नवा_लावेवाला (बारामती)

सर्व धागा वाचला, फार उपयोग झाला. माझीही एक शंका आहे. मारकुटा नर काढल्यावर त्याच माद्यांची अंडी लगेच उबवणीला घातली तर पिल्ले कोणाची निघतील? शांत नराचीच हवी असतील तर किती थांबावे?

उबवणी (कोल्हापूर)

मादीच्या शरीरात नराचे शुक्राणू काही दिवस टिकून राहतात, त्यामुळे नर काढल्यावरही साधारण आठवडाभर, कधी त्याहून थोडे अधिक दिवस फलित अंडी मिळतात. म्हणून काढलेल्या नराची पिल्ले नको असतील तर नवा नर सोडण्याआधी पूर्ण दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि त्या काळातली अंडी खाण्यासाठी वापरावीत. त्यानंतर शांत नर सोडा, चार-पाच दिवसांनी अंडी जमवायला लागा. लावे बहुधा दुपारनंतर अंडी देतात, तेव्हा संध्याकाळी गोळा करा, सात दिवसांहून जुनी अंडी उबवणीला घेऊ नका, आणि यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस ठेवलेत तर सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्ले बाहेर येतील.